काकडीला साबणाचा वास

४ फेब्रुवारी

भिंगरीनं आज बस डेपोच्या भिंतीला घासली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. भिंगरी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक. लहानपणी एका जागी म्हणून टिकायची नाही, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले. आता शहराची लांबलचक बस चालवणारी बाई झाली तरी नाव काही सुटलेलं नाही.

"आत्या, मला वाटलं क्लच दाबला, आणि पाय भलतीकडेच होता," ती म्हणाली. "डावा पाय माझा असल्यासारखा वाटतच नाही गं."

मी म्हटलं, दिवसभर एकाच जागी बसून पाय झोपतो, त्यात काय एवढं. तिला गरम पाण्यात पाय सोडून बसवलं आणि ताट वाढलं. काकडी-गाजर बारीक चिरून, मीठ लावून हातानं चांगलं चोळलेलं, वर लिंबू. तिला ते असंच लागतं. चमच्यानं कालवलं तर पहिल्या घासाला ओळखते.

माझं पोट सकाळपासून गुरगुरतंय. भूक मात्र राक्षसासारखी. छापखान्याच्या कॅन्टीनमधून निवृत्त झाल्यापासून खाणं आणि बसणं, दुसरं होणार काय!

१३ फेब्रुवारी

पाय झोपलेला नव्हता. मशिनीत घालून पाठीचा फोटो काढला. मणक्याच्या पोकळीत, जिथून पायांच्या नसा जातात, तिथे पाण्याचा एक फुगा आहे आणि त्या फुग्यात एक पांढरा ठिपका. पाठीच्या डॉक्टरांनी पेनचं टोक त्या ठिपक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे जंताचं डोकं."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जंत? आमच्या घरात? ज्या घरात मी भाजी तीन पाण्यांतून काढते, भांडं पुसून उन्हात ठेवते? दादा नुसता छताकडे बघत बसला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि ते पोरीच्या पायांसाठी नव्हे, हे इथे लिहून ठेवते. पहिला विचार आला तो लोक काय म्हणतील याचा. शेजारच्या काकूंनी दारातच गाठलं तेव्हा मी म्हणाले, "गादी सरकलीय मणक्यातली." भिंगरी माझ्याकडे बघत राहिली.

१५ फेब्रुवारी

आज औषधाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. वयानं लहान, पण बोलणं मास्तरणीसारखं. म्हणाल्या, हा रिबिनीसारखा लांब जंत डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या पोटात जातो आणि तिथे गुपचूप राहतो. ज्याच्या पोटात असतो त्याला बऱ्याचदा काहीच होत नाही. पण त्याची अंडी त्या माणसाच्या हातावरून दुसऱ्याच्या खाण्यात गेली, की त्या दुसऱ्याच्या अंगात हे फुगे धरतात. मेंदूत, डोळ्यात, क्वचित पाठीत.

"म्हणजे हिनं मांस खाल्लंच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या जेवणाला हात लावणारं कुणीतरी असेल. घरी डुकराचं मांस कोण खातं?"

आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, कुणी नाही. खरंच आहे ते. कॅन्टीनमध्ये कामगारांसाठी डुकराचा खिमा व्हायचा तेव्हा मी मीठ बघायची, पण त्याला खाणं थोडंच म्हणतात! कच्चा खिमा चिमूटभर जिभेवर ठेवायचा, मीठ-मिरीचा अंदाज घ्यायचा आणि गिळायचा. शिजल्यावर मीठ कळून उपयोग काय? तेवढ्या एका चिमटीवर साऱ्या छापखान्याचं जेवण अवलंबून असायचं. वीस माणसांत असा अंदाज फक्त मला होता आणि सगळे ते मानायचे.

निघताना बाईंनी तिघांच्या हातात झाकणाची एकेक डबी दिली. शौचाचा नमुना! या वयात डबीत! मी ती पिशवीच्या तळाशी घातली.

१७ फेब्रुवारी

आज माझा राग अनावर झाला आणि मी डेपोत गेले. गेटपाशी एक सरबतवाली बसते. लिंबं पिळून सरबत देते आणि फळांच्या फोडी विकते. भिंगरी रोज तिच्याकडे ग्लासभर पिते, मला माहीत आहे. मी उभी राहून पाहिलं. एकाच बादलीत सगळे ग्लास बुचकळत होती! तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या या हातांनी माझ्या पोरीच्या पाठीत जंत घातला," मी म्हणाले. जंत हा शब्द शेजारच्या काकूंपासून लपवला आणि डेपोच्या गेटवर गळा फाडून सांगितला.

ती म्हणाली, "बाई, मी काय केलं? ती तर दोन दिवसांआड पिते. ग्लास धुते की मी."

"याला धुणं म्हणतात?"

ड्रायव्हर, कंडक्टर सगळे गोळा झाले. मी थेट डेपोच्या साहेबांकडे गेले आणि दुपारपर्यंत तिची गाडी गेटवरून हलली. तिनं बादली गाडीवर ठेवली आणि एकटीनंच ढकलत नेली. कुणी हात लावला नाही. मला बरं वाटलं. पोरीसाठी काहीतरी केलं असं वाटलं.

२१ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. आधी गोळ्याच का देत नाही, असं दादानं विचारलं होतं. पाठीचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी जंत मरतो, पण मरताना भोवती सूज येते. मेंदूत थोडी जागा असते. पाठीच्या पोकळीत सुईला शिरायला जागा नाही, तिथे सूज आली तर नसा चिरडतील. म्हणून मोठा फुगा आधी हातानं काढायचा." मणक्याच्या मागचं हाड थोडं कापून, ती पोकळी उघडून, फुगा न फुटता बाहेर काढायचा. फुटला तर आतलं पाणी सांडून नसा भडकतात.

आम्ही तिघं बाकावर. दादा जपमाळेसारखा शर्टाचं एकच बटण फिरवत होता. वहिनी माझा हात धरून बसल्या होत्या, नंतर सोडला आणि उठून हात धुऊन आल्या. मला जरा लागलं ते.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "अखंड निघाला. द्राक्षाएवढा." खाली अजून एक बारीक आहे, तो नसांच्या गुंत्यात बसलाय, त्याला हात लावणं धोक्याचं. तो गोळ्यांवर सोडायचा. डोकं आणि डोळे तपासले, तिथे काही नाही.

मी रडले. मग घरी येऊन भरपूर जेवले. हल्ली रडलं तरी भूक मरत नाही.

२४ फेब्रुवारी

दवाखान्याचं जेवण मी तिच्या तोंडाला लागू देणार नाही. त्या मोठ्या भांड्यांत कोण काय ढवळतं कुणी पाहिलंय? मी डबा नेते. पाठीवर सरळ निजलेली पोर, तिला मीच भरवते. काकडी, टोमॅटो, मऊ भात, हातानं कुस्करून एकेक घास. डोळे मिटून खाते, लहान होती तशी.

सिस्टर म्हणाली, "आजी, हात साबणानं धुतले का?"

मला हसूच आलं. इतकी वर्षं स्वयंपाक केला तो काय घाणीत? साबणाच्या हातानं काकडी चोळली की काकडीला साबणाचा वास लागतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्या कॅन्टीनचा नियमच होता, पिठात आणि कच्च्यात हात घालायचा तो गरम पाण्यानं धुतलेला, कोरडा, बिनवासाचा. मी गरम पाण्यानं धुते, चांगलं चटके बसेपर्यंत. सिस्टर पोरगी आहे, तिला काय कळणार.

वहिनी आज दवाखान्याच्या कॅन्टीनमधून एक ताट घेऊन आल्या. मी डबा उघडत होते तेव्हाच! भिंगरीनं दोन्हींकडे पाहिलं आणि माझा डबा घेतला. वहिनी ताट हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांचा हेवा मला आता कळायला लागलाय. आई त्या, पण पोरीला चव माझ्या हाताची.

२ मार्च

डाव्या पायाचा अंगठा हलला! सगळा वॉर्ड बघायला आला. टाके सुकत आले म्हणून आज गोळ्या सुरू झाल्या, सोबत सूज आवरायच्या गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा वाटोळा होईल, असं डॉक्टर म्हणाले. भिंगरी म्हणाली, "आत्या, आता बसच्या आरशात मावेन का मी?"

घरी आले तर मोरीच्या फळीवर कोरी डबी ठेवलेली. आधीची माझी अजून पिशवीतच आहे. दादाचा आणि वहिनींचा नमुना गेला, दोघांचा अहवाल स्वच्छ आला. मला विचारलं तर "दिला" असं सांगून मोकळी झाले. वहिनी ही डबी विसरल्या असतील. मी ती फडताळात टाकली.

७ मार्च

पाय गेले. दोन्ही. काल रात्री हलत होता तो अंगठा आज सकाळी मेल्यासारखा. मी डबा तसाच ठेवून धावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खालचा जंत मरतोय, भोवती सूज आलीय. सूज आवरायचं औषध वाढवून शिरेतून दिलं.

"म्हणजे औषधानंच पाय जाणार का?" दादा ओरडला. दादाला ओरडताना मी जन्मात पाहिला नव्हता.

"हे होणार हे धरूनच आम्ही मोठा फुगा आधी काढला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो असता तर आज पाय परत यायची आशाच नसती. आता आहे. दोन दिवस द्या."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा नमुना प्रयोगशाळेत आलाच नाही."

"दिला मी. तुमच्याकडेच हरवला असेल."

"घरातला मूळ जंत सापडला नाही, तर आम्ही इथे एक काढू आणि तिकडून दुसरा येईल. सगळं पुन्हा. तेव्हा पाठ उघडता येईलच असं नाही."

सगळ्यांसमोर! मी मूग गिळून बसले. भिंगरी छताकडे बघत होती. वहिनी माझ्याकडे.

१० मार्च

डावा घोटा किंचित हलतो. उजवा पाय बराच परत आला. जीव अजून टांगणीलाच आहे, पण घासभर जास्त खाल्लं पोरीनं.

घरी मोरीच्या फळीवर तिसरी डबी. नुसती मध्यभागी ठेवलेली, जिथे हात गेल्यावाचून राहणार नाही. मला राग आला. माझ्यावर पाळत!

१४ मार्च

आज हे लिहायचं की नाही, असा विचार करत खूप वेळ बसले.

सकाळी शौचाला गेले तेव्हा पाहिलं. याआधीही पाहिलं होतं, खरं लिहायचं तर. कधी तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढे पांढरे तुकडे. मला वाटायचं, न पचलेलं काहीतरी आहे. आजकाल पचत नाही, म्हातारी झाले, असं म्हणून पाणी ओतायची. आज लांब होतं. चपटं, पांढरं, जोडजोड असलेलं. रिबिनीसारखं. आणि हलत होतं.

मी तिथेच भिंतीला टेकले. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं ओळीनं आठवलं. पोटात गुपचूप राहतो. ज्याच्या पोटात असतो त्याला काही होत नाही. हिच्या जेवणाला हात लावणारं कुणीतरी.

कच्चा खिमा. चिमूटभर. वर्षानुवर्षं.

हात गरम पाण्यानं धुतलेले. बिनवासाचे.

मी डबा भरून ठेवला होता, काकडी चोळून. ओट्यावरचा तो डबा उचलला. सगळा ओतून टाकला. डबा राखेनं घासला, साबणानं घासला, मग तोही टाकून दिला. दवाखान्यात गेलेच नाही. दादाला सांगितलं, ताप वाटतोय.

१६ मार्च

आजही गेले नाही. दादा म्हणाला, पोरगी विचारते, आत्या माझ्यावर रागावली का? वॉर्डातलं जेवण समोर ठेवलं तरी दाराकडे बघत बसते.

मला सांगता येत नाही. शरम म्हणजे काय हे मला आजवर माहीतच नव्हतं. कुणी बोललं की वाईट वाटणं, तिला मी शरम समजत होते. ही वेगळी आहे. ही आरशात उभी असते. भाजीला हात लावायला गेले तर हातच पुढे होत नाही. पाण्याचा ग्लास दादाला दिला आणि परत घेतला, म्हटलं, तुझा तूच घे रे बाबा. तो गोंधळून बघत राहिला.

एक विचार मनात आला होता, तोही लिहिते. गुपचूप कुठल्यातरी लांबच्या डॉक्टरकडून औषध घ्यावं, सगळं साफ करावं आणि कुणाला काही कळू देऊ नये. सरबतवालीवर गेलंय ते तिच्यावरच राहू द्यावं. दुपारभर मी हा विचार कुरवाळत बसले. मग मोरीत गेले आणि फळीवरची डबी घेतली.

२० मार्च

अहवाल आला. आहे.

वहिनींना मी स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, माझ्यामुळे," एवढंच बोलता आलं.

त्या भाजी निवडत होत्या, थांबल्या नाहीत. "डबी मी विसरून ठेवली नव्हती, वन्सं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोघांचे अहवाल स्वच्छ आले. तिसरं माणूस घरात कोण आहे? शस्त्रक्रियेच्या दिवशी बाकावर तुमचा हात हातात होता, तेव्हाच मनात आलं. ताट घेऊन आले तेव्हा तेच बोलायला आले होते. पण तुम्ही तिला भरवत होतात आणि ती डोळे मिटून खात होती. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही." मग त्यांनी भाजी खाली ठेवली. "माझी मुलगी आहे ती. मला बोलायला हवं होतं. तुमचा मान राखत बसले मी. तुमच्या मानापायी पोरगी आणखी किती दिवस तुमच्या हातचं खात राहिली, सांगा बरं."

एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आजही बोलल्या नाहीत. तेच सहन झालं नाही.

२१ मार्च

भिंगरीला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, मी सांगते. मी म्हटलं, नको, हे तरी माझं मला करू द्या.

खाटेपासून लांब उभी राहिले. सगळं सांगितलं, खिमा, तुकडे, डबी दिल्याचं सांगितलेलं खोटं. सरबतवालीचंही. तिचा चेहरा औषधानं सुजून वाटोळा झालाय, त्यामुळे त्यावर काय उमटतंय ते कळेना.

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले तेव्हा, पुन्हा होऊ शकतं म्हणून, तेव्हाही तू गप्प बसलीस?"

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी डबा आणलास."

"हो."

"मला माहीत आहे तुला तेव्हा कळलं नव्हतं. पण तपासायचं नाही हे तू ठरवलं होतंस ना?"

तिनं पांघरूण वर ओढलं. "तू रडू नकोस इथे. मला नंतर तुझी समजूत काढावी लागेल आणि आज मला ते जमणार नाही."

४ एप्रिल

माझं औषध झालं. चावून खायच्या गोळ्या, एकदाच. याचा अंश रक्तात जात नाही, पोटातल्या पोटात काम करतं म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्याआधी माझंही डोकं मशिनीत घालून पाहिलं, कारण ज्याच्या पोटात जंत त्याच्या स्वतःच्या हातानंही स्वतःच्या मेंदूत फुगे होऊ शकतात. काही निघालं नाही. भिंगरीच्या पाठीत दोन आणि माझ्या डोक्यात एकही नाही. हे ऐकून दादा म्हणाला, "बरं झालं बाई." तो मनापासून म्हणाला. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

जंत निघाल्याची खात्री पुढच्या तपासण्यांत होईल. तोवर स्वयंपाक वहिनींचा. मी भांडी घासते. साबणानं.

२६ एप्रिल

भिंगरी घरी आली. काठी घेऊन चालते. डावं पाऊल जमिनीवर आपटतं, ते तिला कळत नाही, आवाजावरून ओळखते. खालचा जंत मेला, फोटोत आता नुसता डाग आहे. गोळ्या आणखी काही आठवडे. पाऊल किती परत येईल ते कुणी सांगत नाही.

जेवायला बसताना तिनं स्वतःची काकडी स्वतः सोलली. सोलून, चिरून, स्वतःच्या ताटात. कुणाकडे बघितलं नाही.

९ मे

आज डेपोत गेले. बरेच दिवस जायचं म्हणत होते आणि चपला घालून परत काढत होते.

सरबतवाली आता मागच्या बाजूला बसते, जिथे बसा धुतात तिथे. तिकडे प्रवासी फिरकत नाहीत. मला पाहून ती उठून उभी राहिली आणि ग्लास पदरानं पुसायला लागली. घाबरून. माझ्यासारखीला कुणी असं घाबरावं!

"तुमच्यामुळे नव्हतं," मी म्हणाले. "माझ्यामुळे होतं. मला माफ करा."

ती म्हणाली, "बाई, माफी ठेवा तुमच्याजवळ. मला गेटवर बसायला मिळेल का ते सांगा."

मग साहेबांकडे जावंच लागलं. त्यांच्या खोलीत चार ड्रायव्हर पाळीचे कागद घेऊन उभे होते. मी म्हणाले, मी केलेली तक्रार खोटी होती, तिला परत गेटवर बसू द्या.

"खोटी कशी? जंत होता ना?"

"होता."

"मग आला कुठून?"

ड्रायव्हर वळून बघायला लागले. भिंगरीबरोबर काम करणारे सगळे. एकानं तर माझ्या हातचं आमच्या घरी खाल्लेलं आहे, वाढदिवसाला. शरमेनं माझे कान तापले. म्हटलं, नाही बोलले तर पुन्हा तेच होईल.

"माझ्या पोटातून," मी म्हणाले. "माझ्या हातांनी. आमच्या घरच्या ताटातून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. तो वाढदिवसाला जेवलेला हळूच म्हणाला, "काकू, आम्हीही तपासून घ्यायचं का?" मी मान हलवली आणि म्हणाले, "घ्या. आणि डबी दिली तर लपवू नका."

सरबतवाली उद्यापासून गेटवर. जाताना तिच्यासमोर थांबले, एक ग्लास मागितला. तिनं ग्लास नळाखाली धरला, साबण लावला, पुन्हा धुतला, मला दाखवून दाखवून. मी मान खाली घालून प्यायले.

१८ जून

माझ्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुम्ही खुशाल स्वयंपाक करा, फक्त हात साबणानं. वहिनींनी चमचा माझ्या हातात दिला. चांगल्या मनाच्या आहेत, माझ्यापेक्षा फार.

भिंगरीला मी ताट वाढलं. ती जेवली नाही. ताट पुढ्यात, हात मांडीवर.

"राग नाहीये आत्या," ती म्हणाली. "खरंच नाही. मला भीती वाटते. घास उचलला की मला तो फोटो दिसतो."

मी ताट उचललं. रागावली असती तर पाय धरले असते तिचे. भीतीला काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही.

५ ऑगस्ट

वहिनींनी बैठकीच्या खोलीतलं जुनं बेसिन दुरुस्त करून घेतलं. जेवणाच्या टेबलासमोरच आहे ते. मी विचारलं, इथे कशाला? म्हणाल्या, "तिला दिसेल असं."

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात हात धुतले तरी वाढण्याआधी पुन्हा तिथे धुते. नखं, बोटांची बेचकी, मनगटं. ती टेबलाशी बसून बघते. शाळेतल्या मुलीची नखं बाई तपासते तशी. मी मुद्दाम सावकाश धुते. आधी शिजवलेलंच खायला लागली. कच्चं अजून ती स्वतःचं स्वतः चिरते.

३० सप्टेंबर

बस गेली. डॉक्टरांनी लिहून दिलं, डावं पाऊल क्लचसाठी भरवशाचं नाही आणि राहणार नाही. डेपोनं तिला खिडकीवर बसवलंय, पास देण्याच्या. घरी आली, किल्ल्यांच्या खुंटीकडे हात नेला आणि मग आठवलं की आता किल्ली नाही. हसली. "आता बसायचंच काम, भिंगरी कसली," म्हणाली.

दादा म्हणतो, पाय वाचले हे बघ. मी बघते. पण पाऊल आपटल्याचा तो आवाज रोज जिन्यात वर येतो आणि प्रत्येक पायरीला मी घरात आहे हे मला कळतं. क्षमा मागून झाली, सगळ्यांची. याची भरपाई मात्र माझ्यापाशी काही नाही आणि ती असल्याचा आव आणायचाही नाही असं ठरवलंय.

१९ ऑक्टोबर

वहिनी बाहेर गेल्या होत्या, दादा झोपलेला. भिंगरी खिडकीवरून दमून आली. मी भात, आमटी वाढली. तिनं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकडी नाही?"

"सोलून देते, चीर तू."

"दमलेय गं मी. तूच कर ना. हातानं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बेसिनवर गेले. नखं, बेचकी, मनगटं, पुन्हा नखं. साबण इतका लावला की हातांना फेस धरला. काकडी चिरली, मीठ घातलं, चोळली, लिंबू पिळलं. चव बघितली नाही. आता मी कशाचीच चव कच्ची बघत नाही.

ताट पुढ्यात ठेवलं. तिनं पहिला घास घेतला आणि नाक आक्रसलं.

"आत्या, काकडीला साबणाचा वास येतोय."

"हो."

"खूप येतोय."

"हो गं. माहीत आहे मला."

ती तशीच खात राहिली. शेवटची फोडसुद्धा बोटानं निपटून घेतली. मग माझ्या लक्षात आलं, मी बेसिनवर होते तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. आज तिनं माझ्या हातांकडे पाहिलं नव्हतं. मी मात्र ताट उचलताना माझ्या हातांकडे पाहत होते.